बीपीची कॉम्बिनेशन गोळी घेताय? आधी स्ट्रिप उलटी करा

बीपीच्या गोळीची स्ट्रिप हातात घ्या आणि उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून झूम करा. पुढे मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव, त्याचा आपल्याला फारसा उपयोग नाही. खरं औषध मागे लिहिलेलं असतं, म्हणजे टेल्मिसार्टन 40 मिग्रॅ, अम्लोडिपिन 5 मिग्रॅ असं काहीतरी. दोन किंवा तीन नावं दिसली तर तुमची गोळी कॉम्बिनेशनची आहे. ती नावं आणि त्यांचे मिग्रॅ एका कागदावर लिहून ठेवा, कारण डोस चुकला तर काय, पेनकिलर चालेल का, जुलाब लागले तर काय करायचं, या सगळ्याचं उत्तर आत कोणती औषधं आहेत त्यावर ठरतं, ब्रँडवर नाही. डोस ठरवणं, बदलणं, बंद करणं हे डॉक्टरचंच काम, आपण इथे बोलतोय ते घरी काय सांभाळायचं त्याबद्दल.

दोन औषधं दिली म्हणजे आजार वाढलाय का

नाही, तसं असेलच असं नाही. बीपी वाढायला एकच कारण नसतं, रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, शरीरात मीठ आणि पाणी साठत असतं, शिवाय किडनीपासून सुरू होणारी हार्मोनची एक साखळी असते ती वेगळीच, आणि तुम्ही एक दार बंद केलं की शरीर दुसऱ्या दाराने बीपी परत वर नेतं. म्हणून एकाच औषधाचा डोस डबल करून फार काही मिळत नाही. 2009 मध्ये 42 ट्रायल्सचा, म्हणजे पेशंटवर केलेल्या औषधांच्या चाचण्यांचा, एकत्र हिशोब मांडला गेला होता, त्यात दिसलं की आहे त्याच औषधाचा डोस डबल करण्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं दुसरं औषध जोडलं तर बीपी अजून उतरण्याचं प्रमाण साधारण पाचपट असतं. 2018 च्या युरोपियन गाईडलाइनने तर बहुतेक पेशंटना सुरुवातीपासूनच दोन औषधं, तीही शक्यतो एका गोळीत द्या असं सांगितलं, आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा जोडगोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

अजून एक फायदा लोकांना माहीत नसतो. काही जोड्यांमध्ये एकाचा त्रास दुसरा कमी करतो. नुसत्या अम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, सोबत सार्टन किंवा प्रिल (नाव असं संपणारी बीपीची औषधं, पुढे सांगतो) असलं की ती सूज कमी होते. लघवीची गोळी, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी, पोटॅशियम घालवते, सार्टन ते धरून ठेवतं. त्यामुळे 'मला एकच साधी गोळी द्या' असा हट्ट धरून बसण्यात खरंतर काही अर्थ नाही.

नावाच्या शेपटीवरून औषध ओळखा

नाव 'सार्टन'ने संपत असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, वाल्सार्टन) किंवा 'प्रिल'ने (रॅमिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल, लिसिनोप्रिल) तर ते त्या हार्मोनच्या साखळीवर काम करतं. या दोन्ही प्रकारांत पोटॅशियम वाढू शकतं आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. प्रिलवाल्यांना कोरडा खोकला लागू शकतो, ढास म्हणतात तसला, कफ नाही काही नाही नुसतंच खोकत राहायचं, आणि लोक महिनोन् महिने खोकल्याची औषधं पीत बसतात. असा खोकला आला तर डॉक्टरला प्रिल चालू असल्याचं आवर्जून सांगा, सहसा बदलून सार्टन देतात.

'डिपिन'वाली (अम्लोडिपिन, सिलनिडिपिन, निफेडिपिन) रक्तवाहिन्या सैल करतात. पायाला सूज, चेहरा गरम होणं, डोकं दुखणं, आणि क्वचित हिरड्या सुजतात, हे दाताच्या डॉक्टरला सांगायचं राहूनच जातं. 'ओलॉल'वाली (अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल) नाडी हळू करतात. दमा असेल तर या गटाबद्दल आधीच बोला, आणि शुगरची औषधं घेत असाल तर शुगर लो झाल्यावर जी धडधड आणि थरथर होते ती यांच्यामुळे झाकली जाऊ शकते, घाम मात्र येतो, तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

लघवीची गोळी म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापमाइड. यांनी सोडियम आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं, युरिक अ‍ॅसिड वाढून आधीचा गाऊट (सांधे सुजून दुखण्याचा आजार) डोकं वर काढू शकतो. स्पायरोनोलॅक्टोन हीसुद्धा लघवीचीच गोळी पण पोटॅशियमच्या बाबतीत बरोबर उलटी, ती वाढवते.

सगळ्यात कॉमन गडबड: जुनी गोळी चालूच राहते

आधी नुसतं टेल्मिसार्टन चालू असतं, मग डॉक्टर बदलून टेल्मिसार्टन अधिक अम्लोडिपिन देतात, नाव वेगळं, रंग वेगळा, आणि घरी जुनी अर्धी स्ट्रिप शिल्लक असते, 'वाया कशाला घालवायची' म्हणून किंवा दोन्ही घ्यायच्या असतील असं समजून पेशंट दोन्ही घेतो, झालं, टेल्मिसार्टन डबल. किंवा हार्टच्या डॉक्टरने एक ब्रँड दिला आणि शुगरच्या डॉक्टरने दुसरा, दोन्हीत एकच औषध. ब्रँडच्या शेवटी एएम, एच, सीटी अशी अक्षरं जोडून कंपन्या पाच-सहा प्रकार काढतात आणि पॅकिंग जवळपास सारखंच ठेवतात, हे बघून मला तर दरवेळी चीड येते, वय झालेल्या माणसाने फरक ओळखायचा तरी कसा.

म्हणून नवीन गोळी मिळाली की तिथेच डॉक्टरला सरळ विचारायचं, 'ही जुन्या गोळीच्या ऐवजी की जुनीच्या सोबत?' आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून मागायचं. बंद झालेली गोळी घरातून त्याच दिवशी बाहेर. केमिस्टने 'हे नाही, सेमच आहे' म्हणून दुसरा ब्रँड दिला तर तोही चालतो, पण मागची नावं आणि मिग्रॅ दोन्ही जुळलेच पाहिजेत, 40/5 च्या जागी 80/5 आलं की तो सेम नाही.

यादीत एक सार्टन आणि एक प्रिल दोन्ही दिसले तर गप्प बसू नका. 2008 मध्ये आलेल्या ऑनटार्गेट ट्रायलमध्ये रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन बघितलं होतं, फायदा काही वाढला नाही, लो बीपी आणि किडनीचे त्रास मात्र वाढले. तसंच 'ओलॉल'वालं औषध आणि व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (हीसुद्धा बीपीची आणि नाडी हळू करणारी औषधं) एकत्र असेल तर नाडी फार हळू पडू शकते, म्हणून ती जोडी डॉक्टरने मुद्दाम दिलीय ना हे विचारून खात्री करा.

कधी घ्यायची, कशी घ्यायची

सकाळी की रात्री यावर लोक तावातावाने भांडतात. ब्रिटनमध्ये 21 हजारांहून जास्त पेशंटवर टाइम नावाची ट्रायल झाली, निकाल 2022 मध्ये आला, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या बाबतीत सकाळ आणि संध्याकाळ यात फरक सापडला नाही. म्हणजे तुम्ही विसरणार नाही ती वेळ चांगली. फक्त आत लघवीची गोळी असेल तर सकाळी बरी, नाहीतर रात्री उठून बाथरूमला जावं लागतं आणि वय झालेली माणसं अंधारात तिथेच पडतात.

दात घासण्यासारख्या रोजच्या एखाद्या कामाला गोळी जोडून टाका, आणि घेतली की नाही ते आठवत नसेल तर वारांचे कप्पे असलेली डबी ठेवा. पण इथे एक गोम आहे, टेल्मिसार्टन ओल पटकन शोषतं, त्यामुळे ते आठवडाभर आधी स्ट्रिपमधून काढून डबीत टाकू नका, घ्यायच्या वेळीच फोडा. मग डबीचं काय? कात्रीने स्ट्रिपचे एकेक कप्पे कापून, न फोडता डबीत ठेवा, पण एक्सपायरी आणि बॅच नंबर छापलेला तुकडा जपून ठेवा.

गोळी मोठी आहे म्हणून तोडायची किंवा चुरून घ्यायची सवय असेल तर आधी विचारा. नावापुढे एक्सएल, एसआर, ईआर, रिटार्ड असं काही असेल तर ती हळूहळू सुटणारी गोळी आहे, ती चुरली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते त्या अर्ध्या करता येतात, पण तरी चुरायच्या नाहीत. आणि कॉम्बिनेशनची गोळी अर्धी केली की दोन्ही औषधं अर्धी होतात, नुसतं अम्लोडिपिन कमी करायचं होतं म्हणून अर्धी केली असं होत नाही.

विसरलात तर? त्याच दिवशी आठवलं की घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. अम्लोडिपिनचा शरीरातला अर्धा भाग कमी व्हायलाच 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे एक दिवस चुकला म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही. घेतली की नाही हेच आठवत नसेल तर सहसा न घेणं बरं, एक डोस चुकणं डबल डोसपेक्षा परवडतं.

पहिले चार आठवडे

गोळी सुरू करून तीन दिवस झाले आणि बीपी तेवढंच आहे म्हणून डॉक्टर बदलणारे लोक आहेत. अम्लोडिपिनची पातळी अंगात स्थिर व्हायलाच साधारण आठवडा लागतो, सार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे, तोपर्यंत डॉक्टरने आधी बोलावलं नसेल तर धीर धरा.

या काळात उठताना घाई करू नका. पलंगावरून उठताना आधी मिनिटभर काठावर बसा, मग उभे राहा. चक्कर येत असेल तर बसून एक रीडिंग आणि उभं राहून एक ते तीन मिनिटांत दुसरं रीडिंग घ्या, वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने पडत असेल तर ते लिहून डॉक्टरला कळवा. हे सांगायला लोक लाजतात, 'थोडी चक्कर तर येणारच' म्हणतात, आणि मग माकडहाड किंवा खुबा मोडल्यावर सगळ्यांना कळतं.

सार्टन, प्रिल किंवा लघवीची गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक ते चार आठवड्यांत रक्ताची तपासणी लागते, क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते यावरून कळतं), सोडियम, पोटॅशियम. डॉक्टर सांगायला विसरले तर तुम्ही विचारा. क्रिएटिनिन सुरुवातीला थोडं वाढणं अपेक्षितच असतं, रिपोर्टमध्ये लाल अक्षर बघून गोळी स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

घरचं रीडिंग नीट नसेल तर सगळाच हिशोब चुकतो

दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त येतो. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या, पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर सरळ, पायावर पाय नाही, हात छातीच्या लेव्हलला टेकवलेला, पाच मिनिटं गप्प बसा, टीव्ही आणि फोनसुद्धा बंद. मग एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी 135/85 म्हणजे दवाखान्यातलं साधारण 140/90. तुमचं टार्गेट याहून खाली असू शकतं, ते विचारून घ्या.

आणि दिवसातून दहा वेळा मोजू नका हो. आकडा बघून टेन्शन, टेन्शनने आकडा अजून वर, आणि मग तो बघून एक जादा गोळी. एका रीडिंगवर डोस कधीच बदलायचा नाही.

बाकीची औषधं

बीपीच्या पेशंटचा खरा शत्रू म्हणजे सहज मिळणारी पेनकिलर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, ही सगळी बीपी वाढवू शकतात आणि बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात. गोळीत सार्टन किंवा प्रिल आणि सोबत लघवीची गोळी असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. किडनीच्या गाळणीत रक्त आत नेणारी नळी असते आणि बाहेर नेणारी, पेनकिलर आत नेणारी नळी आवळते, सार्टन बाहेरची सैल करतं, लघवीची गोळी रक्तातलं पाणी कमी करते, तिन्ही एकदम झालं की गाळणीतलं प्रेशरच पडतं आणि किडनी अचानक बंद पडायला लागते. गुडघेदुखीसाठी स्वतःच्या मनाने महिनाभर पेनकिलर घेणाऱ्यांनी हे परत एकदा वाचा. दुखण्यावर आणि तापावर बहुतेकांना पॅरासिटामॉल बरं पडतं, पण पाण्यात फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं.

सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलेफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. सार्टन, प्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना 'कमी सोडियम' म्हणून विकलं जाणारं मीठ घेऊ नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. कोट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकनेही पोटॅशियम वाढतं. डिपिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर बीपी जास्तच पडू शकतं, आणि अम्लोडिपिनसोबत कोलेस्टेरॉलची सिमवास्टॅटिन असेल तर तिची मर्यादा 20 मिग्रॅ आहे. लिथियम घेणाऱ्यांनी सार्टन, प्रिल किंवा लघवीची गोळी सुरू करण्याआधी मानसोपचार डॉक्टरला सांगायलाच हवं, रक्तातलं लिथियम वाढतं. लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असाल तर लाजू नका, सांगा. 'नैसर्गिक' म्हणून सुटका नाही, ज्येष्ठमध नियमित घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम घसरतं.

जुलाब, उलट्या, ताप

अंगातलं पाणी कमी होत असताना सार्टन, प्रिल आणि लघवीची गोळी किडनीला जड जाते. अशा वेळी एक-दोन दिवस कोणती गोळी थांबवायची, परत कधी सुरू करायची, हे बरे असतानाच डॉक्टरला विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा. पण हे सगळ्या औषधांना लागू नाही. 'ओलॉल'वालं औषध एकदम बंद केलं तर नाडी आणि बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन हे बीपीचं औषध तर त्याहून वाईट, अचानक सोडलं की बीपी आधीपेक्षा वर जातं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच नवीन आणून ठेवा.

2018 मध्ये वाल्सार्टनच्या काही बॅचमध्ये एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली आणि बऱ्याच देशांत त्या परत मागवल्या, तेव्हाही औषध नियंत्रकांचं सांगणं होतं की बदली गोळी मिळेपर्यंत स्वतःहून बंद करू नका. बॅच नंबरचा तुकडा जपा म्हटलं ते अशा वेळी कामाला येतं.

प्रेग्नन्सी

सार्टन आणि प्रिल बाळाला इजा करू शकतात. मूल हवं असेल तर आधीच बदलून घ्या, आणि गोळी चालू असताना दिवस राहिलेत असं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. मिथाइलडोपा, लॅबेटॅलॉल, निफेडिपिन असे पर्याय असतात.

ताबडतोब दवाखाना कधी

ओठ, जीभ, चेहरा सुजला किंवा श्वास अडकायला लागला, हे प्रिलने जास्त आणि सार्टनने क्वचित होतं, आणि वर्षानुवर्षं घेतल्यानंतरही होऊ शकतं. 180/120 च्या वर बीपी आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं, नजर जाणं. भोवळ येऊन पडणं, नाडी फार हळू लागणं. आकडा 180 आहे पण काहीच त्रास नाही, तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरशी बोला. जिभेखाली निफेडिपिन फोडून घ्यायचा जुना उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, बीपी धाडकन पडून स्ट्रोक येऊ शकतो.

डॉक्टरकडे जाताना

औषधांची यादी, आठवड्याच्या रीडिंगचा कागद आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप, अगदी शुगरच्या, थायरॉइडच्या, व्हिटॅमिनच्याही, एका पिशवीत टाकून न्या. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आतल्या औषधांची नावं सांगा, कारण सार्टन-प्रिल बहुतेकदा आदल्या दिवशी थांबवतात आणि 'ओलॉल'वाली चालू ठेवतात, आणि तुमच्या कॉम्बिनेशन गोळीत दोन्ही असतील तर त्या दिवसांसाठी वेगवेगळ्या गोळ्या लिहून घ्याव्या लागतील. वजन बरंच उतरलं असेल किंवा रीडिंगचा वरचा आकडा सारखा 110 च्या खाली येत असेल तर डोस कमी करता येईल का हेही विचारा, तो प्रश्न पेशंटनेच काढावा लागतो.